परदेशातल्या लेकीसुनांचे सणवार: तिथी कोणती धरायची, कुळाचार किती पाळायचा

भाद्रपद जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वरकडच्या घरांतून परदेशातल्या लेकीसुनांना फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडं गणपती कधी हाय गं?" पुष्कळ जणींना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. २०२५ साली बेळगावात गणपती २७ ऑगस्टला बसला. पंचांगाच्या नियमाने न्यूयॉर्कमध्ये तो २६ लाच बसायला हवा होता, लंडनमध्येही २६ लाच, आणि सिडनीत बेळगावासारखा २७ ला. हे असं का होतं ते एकदा नीट समजलं की दर सणाला दहा ठिकाणी विचारत बसावं लागत नाही.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. अमावास्येला दोघे एका रेषेत असतात. तिथून चंद्र १२ अंश पुढे गेला की प्रतिपदा संपते, २४ अंश झाले की द्वितीया संपते. असं ३० वेळा झालं की महिना पुरा होतो. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत संपते, तर कधी २६ तासांपर्यंत ताणते. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. त्या क्षणी बेळगावातलं घड्याळ काय दाखवतं आणि न्यूयॉर्कमधलं काय, एवढाच काय तो फरक.

मग सणाचा दिवस का बदलतो? कारण तिथी दिवसाच्या कोणत्या वेळेला असायला हवी, याचा प्रत्येक व्रताला वेगळा नियम आहे. गणेश चतुर्थीला चतुर्थी माध्यान्ही हवी. संकष्टीला ती चंद्रोदयाला हवी. हरतालिकेला तृतीया सूर्योदयाला हवी, मग ती पुढे थोडाच वेळ उरली तरी चालते. जन्माष्टमीला अष्टमी मध्यरात्री हवी. सूर्योदय, माध्यान्ह, चंद्रोदय हे सारं जिथे तुम्ही उभ्या आहात तिथलं धरायचं असतं.

२०२५ चंच गणित घ्या. चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी लागली आणि २७ ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी संपली. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच भाग केले की मधला, म्हणजे तिसरा भाग हा माध्यान्ह. बेळगावात त्या दिवसांत तो साधारण सकाळी ११:२० ते दुपारी १:४८. म्हणजे २६ ला माध्यान्ह टळून गेल्यावर जेमतेम पाच-सहा मिनिटांनी चतुर्थी लागली आणि सण २७ वर गेला. आता न्यूयॉर्क बघा. तिथलं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे चतुर्थी २६ च्या पहाटे ४:२४ ला लागली आणि २७ च्या सकाळी सव्वासहाला, सूर्य वर येण्याच्या सुमारासच संपली. २७ ला तिथे माध्यान्ही पंचमी होती. म्हणून गणपती २६ ला.

लंडनचा प्रकार आणखी चमत्कारिक झाला. तिथे चतुर्थी २६ ला सकाळी ९:२४ ला लागली आणि २७ ला ११:१४ ला संपली. तिथला माध्यान्ह सुरू होतो ११:४० च्या आसपास, म्हणजे गणपती २६ ला. पण २६ ला सकाळी सहाच्या सुमाराला, सूर्योदयाला, अजून तृतीया होती. म्हणजे हरतालिकाही २६ लाच. पहाटे वाळूचं लिंग करून हरतालिकेची पूजा आणि दुपारी गणपतीची स्थापना, एकाच दिवशी आणि उपाशीपोटी. ज्या सुनेला हे आधी ठाऊक होतं तिने मोदकांची उकड दुसऱ्या कुणाकडे सोपवली असेल. ज्या घरी ठाऊक नव्हतं, तिथे दुपारपर्यंत सारेच दमले असतील.

भिंतीवरची मराठी दिनदर्शिका भारतीय वेळेची असते, त्यामुळे तिच्यातला दिवस जसाच्या तसा उचलता येत नाही. फोनवरच्या पंचांगात आपलं गाव निवडता येतं, ते आधी निवडा. स्वतः पडताळून बघायचं असेल तर दिनदर्शिकेतल्या तिथीच्या वेळेतून आपल्या गावचा फरक वजा करा. ऑगस्ट-सप्टेंबरात लंडन साडेचार तास मागे, न्यूयॉर्क साडेनऊ, शिकागो साडेदहा, कॅलिफोर्निया साडेबारा. सिडनी साडेचार तास पुढे, म्हणून तिथे फरक वजा न करता मिळवायचा. इथे सर्वांत जास्त चुका घड्याळ बदलण्यामुळे होतात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे भारताशी फरक एक तासाने वाढतो. दिवाळी नेमकी त्याच दिवसांत येते. गणपतीला धरलेला फरक लक्ष्मीपूजनाला धरला की हिशोब चुकलाच. ऑस्ट्रेलियात उलटं: सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जातं, ब्रिस्बेनमध्ये मात्र जातच नाही.

गौरीचं गणित तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतं. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. म्हणून तर तिला ज्येष्ठा गौरी म्हणतात. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, चंद्र ते साधारण एका दिवसात ओलांडतो. गणपतीचा दिवस बदलला म्हणून गौरीचाही बदलेलच असं नाही, आणि उलटही होतं. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

महिन्यांच्या नावांचाही एक घोळ परदेशात हमखास होतो. बेळगावात मराठी घर असो की कन्नड, महिना अमावास्येला संपतो. त्यामुळे आपला श्रावण आणि शेजारच्या कन्नड वहिनींचा श्रावण एकच. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. परदेशातल्या देवळात पुजारी उत्तरेकडचे असले तर 'पहिला श्रावण सोमवार' म्हणून लागलेला फलक आपल्या आषाढातला असू शकतो. आपली वटपौर्णिमा ज्येष्ठ पौर्णिमेला, तर त्यांच्याकडे बऱ्याच ठिकाणी वटसावित्री अमावास्येला. फलक बघून उपास धरण्याआधी हे एकदा विचारून घ्यावं.

स्थानिक तिथी धरायची की बेळगावची, यावर घराघरांत वाद होतात. सासूबाई म्हणतात, आम्ही करू त्याच दिवशी कर. त्यांची माया खरी आहे, पण उत्तर पूजेतच दिलेलं आहे. कोणतीही पूजा संकल्पाने सुरू होते आणि संकल्पात देश आणि काळ यांचा उच्चार करावा लागतो: कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या तीरावर, कोणत्या तिथीला मी हे कर्म करते आहे. टेम्स नदीकाठी बसून कृष्णेच्या तीराचं नाव घेता येत नाही. जिथे बसलात तिथलं स्थळ सांगायचं, तर तिथी पण तिथलीच. एकाच क्षणी दोन्ही घरी आरती व्हावी अशी हौस असेल तर व्हिडिओ कॉलवर जरूर व्हावी, मात्र तो गोडवा पूजेच्या वेळेपेक्षा वेगळा ठेवावा.

हाच विचार पुढच्या साऱ्या प्रश्नांना लावता येतो. तिथी, पाणी, फूल, पत्री, करणारे हात हे जिथे राहता तिथले. घराण्याकडून आलेलं ते कुळाचार, आणि तो तुमच्यासोबत कुठेही जातो. आता नेमका कुळाचार कोणता, हे सीमाभागातल्या सुनेला ठरवणं थोडं अवघड असतं, कारण आपल्याकडे दर दहा मैलांवर रीत बदलते. कुणाकडे मुखवट्यांच्या गौरी, कुणाकडे तेरड्याची, कुणाकडे नदीवरून आणलेल्या खड्यांची, कुणाकडे नुसत्या कलशाची. माहेर खानापूरचं आणि सासर चिकोडीचं असेल तर आईची आणि सासूची गौर सारखी असेलच असं नाही. कन्नड घरांत भाद्रपद तृतीयेला, आपल्या हरतालिकेच्या दिवशी, स्वर्णगौरी असते आणि सुपांत बागिन, म्हणजे सौभाग्याचं वाण, देतात. दोन भाषांच्या घरांतली सून दोन्ही करत असते.

म्हणून परदेशी जाण्याआधी, किंवा पुढच्या सुट्टीत, सासूबाईंजवळ बसून एक वही करा. गौर कशाची? आणताना कोण आणतं, कुठून आणतं, दारात काय ओवाळतं? पहिल्या दिवशी नैवेद्य कोणत्या भाजीचा? बऱ्याच घरांत आवाहनाला भाजी-भाकरी असते आणि पुरण दुसऱ्या दिवशी. दोरे किती पदरांचे, गाठी किती, ते कधी घ्यायचे आणि कधी सोडायचे? आपल्या घरी तिखटाचा नैवेद्य असतो का? बेळगावकडे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी उंदरी, म्हणजे गणपतीच्या उंदराचा सण, करतात आणि मांसाहारी घरांत त्या दिवशी मटणाचा बेत असतो. हे माहीत नसलेल्या परदेशातल्या मैत्रिणी गणपतीच्या घरात मटण शिजतं म्हणून चकित होतात. हा कुळाचार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्या घरी नाही त्या घरी नको.

सौंदत्तीच्या यल्लम्माचं, चिंचलीच्या मायाक्काचं, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाचं ज्या घरी आहे, तिथे वहीत आणखी पानं लागतील. यल्लम्माच्या परडीत काय भरायचं हेही घराघरांत बदलतं: भाकरी, वांग्याची भाजी, आंबील, घुगऱ्या, कांद्याची पात, कुठे कडबू. परदेशात परडी ठेवणं झेपत नसेल तर मूळ घरी तुमच्या नावाने परडी भरली तरी रीत पुरी होते, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला ती मूळ घरची माणसं डोंगरावर नेऊ शकतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. परडी, जोगवा, ओटी हा कुळाचार आहे. मुलगी देवीला सोडणं हा कुळाचार नाही, तो कर्नाटकात कायद्याने गुन्हा आहे. घरात कुणी नवसाच्या नावाखाली तसं सुचवलं तर तिथेच थांबवा.

मूळ घर बेळगावात आहे आणि गौर तिथे बसते, तर परदेशात वेगळी बसवायची का? कुटुंब एक असेल, स्वयंपाक आणि व्यवहार एकत्र धरले जात असतील, तर कुळाचार मूळ घरी एकदाच होतो. विभक्त झालात तर प्रत्येक घराचा वेगळा. दोन भाऊ एकाच शहरात असले की बहुतेक घरांत पाळी लावतात. नवीन घरी पहिल्यांदा गौर बसवताना सासूबाईंच्या हातून मुखवटे किंवा खडे घेऊन जाण्याची रीत आहे. त्या येऊ शकत नसतील तर ते कुणा नातेवाइकाच्या सोबत पाठवावेत.

सामानाचं बघू. इथे चुकीमुळे विमानतळावर पेटी उघडली जाते. अमेरिकेत भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेता येत नाही, कारण धान्यातल्या खापरा किडीची त्यांना भीती आहे. ऑस्ट्रेलियानेही त्याच किडीसाठी कडक बंधनं घातली आहेत. त्यामुळे ओटीचे तांदूळ, अक्षता, कलशाखालचे तांदूळ तिथल्याच दुकानातून घ्या. आंब्याची पानं, विड्याची पानं, ताजी फुलं, तुळशीचं रोप, वडाची फांदी, कढीपत्ता यांतलं काही नेऊ नका. सुपारी, हळकुंडं, बदाम, खारीक अशी वाळकी वस्तू असेल तर फॉर्मवर लिहून दाखवा. लिहिलेली वस्तू त्यांना नको असेल तर ते काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर दंड होतो. मुखवटे, समई, तांब्याचा कलश, खण, दोरे, वाती, पुरणयंत्र हे बिनधास्त न्या. गुळेदगुड्डचे खण आणि इळकल साड्या घडीला हलक्या, जागा घेत नाहीत.

पत्रीला तिथलं पान चालतं. एकवीस पत्री मिळाल्या नाहीत तर दूर्वा आणि जे फूल मिळेल ते, आणि ज्याची उणीव असेल तिथे अक्षता. 'अक्षतान् समर्पयामि' हे वाक्य नुसतं बोलण्यासाठी नाही, ते याच सोयीसाठी आहे. मात्र अनोळखी पान देवाला वाहून प्रसादात पडणार नाही याची काळजी घ्या. परदेशातली बागेतली काही सुंदर फुलं विषारी असतात. कण्हेर तर आपल्याकडेही विषारीच. वडासाठी कुंडीतला वडाच्या जातीचा कुठलाही छोटा वृक्ष पुरतो, तोही नसेल तर पाटावर चंदनाने काढलेलं झाड. फांदी तोडून पूजा करण्यापेक्षा हे शतपटीने बरं, आणि हे बेळगावातल्या बाजारातही लागू आहे.

कुंकवाबद्दल सावध राहा. बाजारातल्या काही सिंदूर आणि कुंकवात शिसं सापडलेलं आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारे दिलेले आहेत. रंगावरून, वासावरून शिसं ओळखता येत नाही. लहान मुलांच्या कपाळाला लावण्यासाठी आणि ज्या हाताने प्रसाद वाढायचा त्या हाताला, खात्रीचं हळदीचं कुंकूच हवं. सिंदूर कधीही प्रसादाच्या ताटात ठेवू नये. गरोदर सुनेने तर हे काटेकोर पाळावं.

नारळाला तिथे शेंडी नसते, पुष्कळदा पाणीही नसतं. हलवून पाणी वाजतं का ते बघा, तिन्ही डोळे कोरडे आहेत का बघा. ओलसर, बुरशी दिसणारा नारळ आत कुजका निघतो, आणि कलशावर तीन दिवस ठेवला की वास सुटतो.

आता पुरण. गौरीच्या दिवशी सर्वांत जास्त बिघडणारी वस्तू हीच. दोन वाट्या हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवा, सहा वाट्या पाण्यात थोडं तेल आणि हळद घालून शिजवा. दाणा बोटात दाबला तर सहज चेपला पाहिजे, पण दिसायला अख्खा राहिला पाहिजे. मग चाळणीवर कमीत कमी पंधरा मिनिटं निथळत ठेवा. कट खाली पूर्ण उतरू द्या, त्याचीच आमटी होते. इथे घाई केली तर पुढे पुरण कितीही आटवलं तरी सैलच राहतं आणि पोळी लाटताना फुटते. निथळलेल्या डाळीत दोन वाट्या चिरलेला गूळ घाला. गूळ घातल्यावर ते पातळ होणारच, घाबरू नका. मंद आचेवर ढवळत राहा, उभा ठेवलेला डाव पडला नाही की झालं. विजेच्या शेगडीवर मात्र डाव उभा राहायच्या थोडं आधीच बंद करा. ती शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते आणि तळ लागतो. वेलची-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, थंड झाल्यावर ते चालत नाही. एवढ्या मापात मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा पोळ्या होतात.

कणीक परदेशात फसवते. ब्रेडसाठीचं पीठ फार चिवट असतं, त्याची पोळी लाटली की मागे आकसते. निम्मी चाळलेली कणीक आणि निम्मा साधा मैदा, चमचाभर तेल, सैलसर मळून दोन तास झाकून ठेवा. गुळाची पावडर वापरत असाल तर ती कमी-जास्त गोड असते, आधी चाखा. इकडच्या महालिंगपूरच्या किंवा कोल्हापुरी गुळाची चव त्या पावडरीला येत नाही हे खरं. एखादी ढेप कुणाबरोबर आली तर ती पुरणासाठीच राखून ठेवावी.

दिवे लावताना धुराच्या घंटीचा विचार करा. फ्लॅटमध्ये कापूर आणि धूप यांनी घंटी वाजते, समईने सहसा वाजत नाही. घंटीवर पिशवी बांधणं किंवा तिचा सेल काढणं अजिबात करू नका. पूजा झाल्यावर ती पिशवी तशीच राहते आणि घरात खरी आग लागली तर कळत नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे. कापराची वडी चिमटीएवढी घ्या, आरती स्वयंपाकघराच्या पंख्याजवळ करा, धूपाऐवजी फूल वाहा. साडीचा पदर खोचा. गौरीच्या साड्या नायलॉनच्या असतील तर समई हातभर लांब ठेवा. रात्रभर नंदादीप ठेवायचा असेल तर काचेच्या हंडीत, आणि त्या खोलीत कुणी जागं असेल तरच.

उपासाबद्दल दोन गोष्टी. लंडनला जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा असतो. निर्जळी उपासाची रीत बेळगावच्या बारा-तेरा तासांच्या दिवसासाठी पडली. संकष्टीला तिथे उन्हाळ्यात चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोवर उपाशी राहून पहाटे कामावर जाणारी बाई चक्कर येऊन पडते. धर्मशास्त्राने उपास न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. म्हणजे पाणी पिऊन, गोळी घेऊन उपास मोडत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बाईने निर्जळी करणं धोक्याचंच आहे. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली की लगेच साखर-पाणी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेने पाण्याशिवाय राहू नये. व्रत सोडायचंच नसेल तर प्रतिनिधीची सोयही शास्त्रात आहे. बायकोऐवजी नवऱ्याने, आईऐवजी मुलाने उपास करावा. ही सोय बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठासून सांगतो.

पाळीच्या बाबतीत प्रत्येक घराचं मत वेगळं आहे. मात्र सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीकडून घेऊन खाणं बंद झालं पाहिजे. त्या गोळ्या पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून घ्याव्या लागतात. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास, अर्धशिशी, यकृताचा आजार असेल तर त्या धोकादायक ठरू शकतात. तिथल्या डॉक्टरला विचारूनच घ्या. दोघंच राहणाऱ्या घरात बाहेरचं झालं तर नवऱ्याने पूजा करावी, नैवेद्य करावा. विधी अडत नाही, सवय अडते.

सुतकाचा प्रश्न फोनमुळे बदलला. जवळच्या भाऊबंदांत कुणी गेलं तर दहा दिवस, आणि लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं तीन दिवस, ही सर्वसाधारण रीत. पूर्वी बातमी महिन्याने पोहोचायची, म्हणून दहा दिवसांनंतर कळलं तर तीन रात्री, बराच उशीर झाला तर नुसतं स्नान, असे नियम आहेत. आता बातमी त्याच तासाला कळते, म्हणून सुतकही इथे-तिथे सोबतच चालतं. गणपती बसल्यावर सुतक आलं तर भाऊबंदाबाहेरच्या मित्राकडून पूजा आणि विसर्जन करून घ्यावं. आणि गौर त्या वर्षी राहिली तर राहिली. ती पुढच्या वर्षी दुप्पट करून फेडायची नसते.

आता या सगळ्यात काम कोण करतं ते पण बोलायला हवं. बेळगावात गौरीला चार जावा, दोन नणंदा, शेजारच्या काकू असतात. एक पुरण वाटते, एक भाज्या चिरते, एक दाराशी उभी राहते. परदेशात हे सारं एकाच बाईवर येतं आणि तिला सकाळी नऊला कामावर हजर व्हायचं असतं. कुळाचार घराण्याचा असतो, म्हणजे नवऱ्याच्या घराण्याचा. मग कामाची अर्धी बाजू त्याच्याकडे असायलाच हवी. मखर, आरास, बाजार, पुरण वाटणं, भांडी, विसर्जन त्याच्याकडे दिलं की उरलेलं झेपतं. सोळा भाज्यांऐवजी एकाच पातेल्यात सोळा भाज्यांचे तुकडे घालून एक मिसळीची भाजी केली तरी सोळा होतात. मंगळागौरीची पूजा मंगळवारीच हवी, पण खेळ, फुगडी, जागरण शनिवारी ठेवता येतं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी चालतं, त्यासाठी आठवड्यात मध्येच रजा टाकायची गरज नाही.

राहिलं विसर्जन. परदेशातल्या बहुतेक नद्या-तळ्यांत परवानगीशिवाय मूर्ती सोडता येत नाही. शाडूची वीतभर मूर्ती असेल तर बादलीत ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, आधी निर्माल्य, कापडी वस्त्र, मोती काढून घ्या, एका दिवसात ती विरघळते. प्लास्टर असेल तर विरघळत नाही, म्हणून विकत घेण्याआधीच विचारून घ्या. विरघळलेलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा बाथरूममध्ये ओतू नका. शाडू नळीत बसतो आणि घरमालक येऊन पैसे मागतो. बागेत, कुंड्यांत ओता. धातूची मूर्ती पूजत असाल तर सुपारीवर आवाहन करून ती सुपारी विसर्जित करा आणि मूर्ती पुन्हा देव्हाऱ्यात ठेवा. गौरीच्या खड्यांना मात्र मूळ रीत नदीची. ते तिथल्या वाहत्या पाण्यात सोडायला कुणाची हरकत येत नसेल तर सोडा, नाहीतर कुंडीतल्या तुळशीत ठेवून पुढच्या वर्षी नवे खडे घ्या.